जर्मन चित्रं तपकिरी का दिसतात, आणि बर्लिनच्या तीन तासांत काय पाहावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी बर्लिनला नोकरीला आहे. मागच्या खेपेला तुम्ही म्युझियम आयलंडवरच्या आल्टे नॅशनलगॅलरीत गेलात. फ्रेंच चित्रांच्या दालनात मन रमलं, पण एकोणिसाव्या शतकातली जर्मन चित्रं ‘सगळी तपकिरी, काळवंडलेली आणि उदास’ वाटली. धुक्याच्या समुद्राकडे पाहणारा तो पाठमोरा माणूस शोधलात, तोही सापडला नाही. आता पुन्हा जाताय, हातात तीन तास आहेत, आणि विचारताय की या चित्रकारांत खरंच काही आहे, की दोष तुमच्या डोळ्यांचा आहे?

पाठमोऱ्या माणसापुरता तरी तुमचा दोष नाही. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं ते चित्र बर्लिनचं नाहीच, हाम्बुर्गच्या कुन्स्टहालेचं आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते इतक्यांदा छापलंय की ते सगळीकडेच असेल असं वाटतं. मूळ चित्र जेमतेम 95 बाय 75 सेंटिमीटरचं, घरातल्या खिडकीच्या एका झडपेएवढं.

मी जुनी तैलचित्रं साफ करून, दुरुस्त करून पोट भरतो. सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीची दीड वर्षं ड्रेस्डेनमधल्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, म्हणून या चित्रांशी माझी ओळख जरा वेगळ्या बाजूने आहे. कलासमीक्षक समोरून पाहतो, मी बऱ्याचदा मागून आणि बाजूने टॉर्च मारून पाहतो. तेव्हा उत्तर त्याच चष्म्यातून आहे असं धरून चाला.

आधी तपकिरीचं बघू. चित्रावर शेवटी वॉर्निशचा हात देतात. पूर्वी ते डामर किंवा मॅस्टिक अशा झाडांच्या राळेचं असे. राळ पन्नाससाठ वर्षांत पिवळी पडते, शंभर वर्षांत चहासारखी होते. निळं आकाश त्याखालून हिरवट दिसतं, पांढरं मलईसारखं, आणि सावलीतले सगळे बारकावे एकमेकांत मिसळून जातात. आपल्याकडच्या एका संस्थानी वाड्यातलं पोर्ट्रेट माझ्याकडे आलं होतं. घरातले सगळे म्हणत, आजोबांचा कोट तपकिरी. कोपऱ्यात पाच रुपयांच्या नाण्याएवढा टेस्ट पॅच घेतला, कापसाचा बोळा फिरवला, तर खालून गडद निळा कोट निघाला. वर कोणीतरी कधीकाळी चित्र ‘उजळायला’ कापलेला बटाटा घासला होता आणि त्यावर खोबरेल तेल पुसलं होतं, ते काढण्यात तीन आठवडे गेले.

हे अडाणीपण फक्त आपल्याकडचं नाही बरं का. म्युनिकमध्ये माक्स फोन पेटेनकोफर नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, आरोग्यशास्त्रातला मोठा माणूस. 1863 मध्ये त्याने युक्ती काढली: चित्र एका पेटीत उपडं ठेवायचं, पेटीला आतून अल्कोहोलने भिजवलेलं फ्लॅनेल लावायचं. वाफेने वॉर्निश मऊ होऊन त्यातल्या बारीक भेगा सांधल्या जात, धुरकट झालेलं चित्र पुन्हा लख्ख दिसे. जोडीला कोपायव्हा नावाचं तेलकट बाल्सम चोळत. लोकांना जादूच वाटली. पण वाफ वॉर्निशपाशी थांबत नाही, खालचा रंगही मऊ करते. पेटेनकोफर झालेलं चित्र समोर आलं की आजही आमचे हात आखडतात, कारण रंग कुठे संपतो आणि वॉर्निश कुठे सुरू होतं ते धड कळत नाही.

दुसरं कारण म्हणजे डांबर. त्या शतकात युरोपभरचे चित्रकार सावल्यांना खोल, उबदार तपकिरी आणायला डांबराचा रंग वापरायचे, म्युनिकचेही वापरायचे. लावताना फार सुंदर दिसतो, पण तो कधी पुरता वाळत नाही. वरचा थर वाळतो, खालचा सरकत राहतो, आणि मग मगरीच्या कातडीसारख्या रुंद भेगा पडतात. त्याला आम्हीही फारसं काही करू शकत नाही.

पण तिसरं कारण या दोन्हींहून महत्त्वाचं: बऱ्याच ठिकाणी तपकिरी हा मुद्दाम केलेला निर्णय असतो. याची परीक्षा तुम्ही स्वतः घेऊ शकता. त्याच इमारतीत माक्स लीबरमानची दोन चित्रं आहेत. एक 1872 चं, बदकांची, म्हणजे खरं तर हंसांची, पिसं उपटणाऱ्या बायकांचं. अंधारी खोली, तपकिरी भिंत, त्यात चेहरे, हात आणि पांढरी पिसं. या चित्रावरून लोक त्याला ‘कुरूपतेचा प्रेषित’ म्हणाले. दुसरं 1887 चं, हॉलंडमधल्या लारेन गावातल्या जवसाच्या कोठाराचं. तिथे धागा कातणाऱ्या मुलींवर खिडक्यांतून थंड, स्वच्छ उजेड येतो. एकच माणूस, पंधरा वर्षांचं अंतर. पहिल्यात त्याला उजेड रंगवता येत नव्हता असं नाही. त्याला तेव्हा अंधारातून माणसं बाहेर काढायची होती. ही दोन चित्रं एकापाठोपाठ पाहिलीत की मळ कुठला आणि मर्जी कुठली याचा अंदाज डोळ्यांना येऊ लागतो.

आता ‘यांच्यात आहे काय’ हा प्रश्न. याचं उत्तर तुम्ही काय शोधताय त्यावर आहे. पॅरिसच्या चित्रकारांसारखं क्षणाचं चमकणं हवं असेल तर यांच्याकडे ते कमी आहे, आणि नसलेल्या गोष्टीसाठी तीन तास घालवू नका. शिवाय 1871 पर्यंत जर्मनी हा एक देशच नव्हता. बर्लिन आणि ड्युसेलडॉर्फ प्रशियाच्या राजाकडे, ड्रेस्डेन आणि म्युनिकचे राजे वेगळे, आणि प्रत्येक शहराची अकादमी वेगळी, आवड वेगळी. ‘जर्मन शैली’ म्हणून एक काही हाती लागणार नाही. मला स्वतःला या सगळ्यांत एक धागा सापडतो तो असा, की चित्रातून काय वगळायचं आणि काय ठेवायचं या प्रश्नाने यांना छळलंय. कोणी निर्दयपणे वगळलं, कोणाला काहीच टाकवेना. चित्रासमोर उभं राहिलात की एवढंच विचारा: इथे काय असायला हवं होतं, जे नाही?

फ्रीडरिशचं ‘समुद्राकाठचा साधू’ इथे आहे. 110 बाय 171.5 सेंटिमीटर. खाली वाळूचा फिकट पट्टा, मग समुद्राची काळी चिंचोळी पट्टी, आणि वर आकाशच आकाश. त्यात साधू अंगठ्याएवढा, आणि काही पांढरे पक्षी. बस. 1808 ते 1810 अशी दोन वर्षं तो या एवढ्याशा गोष्टीवर काम करत होता. इन्फ्रारेडखाली पाहिलं तेव्हा कळलं की समुद्रावर आधी जहाजं होती. त्याने ती काढून टाकली. स्टुडिओत येऊन गेलेल्यांच्या नोंदींवरून आकाशही त्याने पुन्हा पुन्हा बदललं. जहाज असतं तर डोळ्याला टेकायला जागा मिळाली असती, चित्र किती खोल आहे याचं माप मिळालं असतं, कोणीतरी कुठेतरी चाललंय अशी गोष्ट सुचली असती. ती सगळी सोय त्याने काढून घेतली. 1810 मध्ये बर्लिनला हे चित्र मांडलं तेव्हा क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं की हे पाहताना आपल्या पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. दोनशे वर्षांत याहून नेमकं कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

शेजारी त्याचंच ‘ओकच्या रानातला मठ’ आहे. दोन्ही चित्रं प्रशियाच्या राजाने एकत्र घेतली, पंधरा वर्षांच्या युवराजाने हट्ट धरला म्हणून. 2013 ते 2016 या काळात दोन्हींवरचं जुनं पिवळं वॉर्निश काढलं गेलं. मी उमेदवारीच्या काळात साधू पाहिला होता तो मळकट पिवळ्या आकाशाखाली. साफ झाल्यावर गेलो तर आकाशाचा निळा आणि राखाडी असा थंड, सरकता रंग दिसला, आणि पूर्वी ज्याला मी उदासी समजत होतो तिच्यातली बरीचशी राळच होती हे कबूल करावं लागलं. त्याचा रंगाचा थर इतका पातळ असतो की अशा कामात चूक सुधारायला वावच नसतो. म्हणून सांगतो, या चित्रांबद्दल जुन्या छापील पुस्तकातून मत बनवू नका. त्यातले फोटो पिवळ्या काळातले आहेत.

त्याच्या स्वभावाचा पुरावाही याच इमारतीत आहे. त्याचा मित्र गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग याने फ्रीडरिशला त्याच्या स्टुडिओत रंगवलंय. खोली रिकामी. खिडकीचा खालचा अर्धा भाग फळीने बंद, म्हणजे बाहेरचं काही दिसायला नको, फक्त वरून उजेड यावा. भिंतीवर दोनतीन पॅलेट, एक काटकोन्या आणि पट्टी टांगलेली. निसर्गचित्रकार, आणि खिडकीतून बाहेर बघत नाही! समोर रंगवण्यासारखा निसर्ग असेलही, पण ज्याला आत काही दिसत नाही त्याने बाहेरचंही रंगवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. काटकोन्या पाहिल्यावर त्याची क्षितिजं इतकी सरळ का असतात तेही कळतं.

हाम्बुर्गला जाणं जमलं तर त्या पाठमोऱ्या माणसापेक्षा फ्रीडरिशचंच ‘बर्फाचा समुद्र’ पाहा, 1823–24 चं. फुटलेल्या बर्फाच्या लाद्यांचा ढीग, आणि उजवीकडे त्यात चिरडलेल्या जहाजाचा थोडासाच भाग. आधी तो दिसतही नाही. बर्फ त्याने ड्रेस्डेनमध्ये गोठलेल्या एल्ब नदीवर पाहून अभ्यासला होता. त्याच्या हयातीत हे चित्र विकलं गेलं नाही. तो तेरा वर्षांचा असताना त्याचा भाऊ बर्फातून पाण्यात पडून बुडाला होता. हे माहीत झाल्यावर मी त्या चित्राकडे नुसतं रचना म्हणून पाहू शकलेलो नाही.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस. आडोल्फ मेंझेल, 1815 ते 1905, उंची साडेचार फुटांच्या आसपास, कोटाला मोठमोठे खिसे आणि खिशांत वह्या. बापाचा लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावर चित्र काढून छापण्याचा, छापखाना होता. बाप गेला तेव्हा मेंझेल सोळा वर्षांचा, घर त्याच्यावर पडलं. हात त्या दगडावर तयार झाला. (लिथोग्राफीही म्युनिकचीच, झेनेफेल्डरने 1790 च्या दशकात काढलेली, आणि तिचा उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतला. आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीची वंशावळ काढली तर ती तिथवर जाते. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ होते, आणि पुढे मळवलीचा तो छापखाना श्लायशर या जर्मन माणसानेच चालवला.)

मेंझेल काहीच सोडत नाही. त्याचा ‘लोखंड लाटण्याचा कारखाना’ पाहा, 1872 ते 1875, 158 बाय 254 सेंटिमीटर. सायलेशियातल्या क्योनिग्सह्युट्टेला, आजच्या पोलंडमधल्या होझूफला, तो जाऊन राहिला आणि शंभराहून जास्त रेखाटनं घेऊन आला. मधोमध लालभडक लोखंड रोलरमध्ये जातंय आणि त्याच्या भोवती चिमटे धरलेली माणसं. सगळे तिथेच बघतात. तुम्ही तिथून नजर काढा. डावीकडे पाळी संपलेले कामगार उघड्या अंगाने मान धुताहेत. उजवीकडे खाली, पत्र्याच्या आडोशाला, काहीजण जेवताहेत, आणि टोपलीतून जेवण घेऊन आलेली एक मुलगी मान वळवून थेट तुमच्याकडे बघते. एवढ्या गोंगाटात त्या एकटीलाच कळलंय की कोणीतरी आपल्याला पाहतंय. मी लालबागला वाढलो. गिरणीच्या दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि ही मुलगी मला ओळखीची वाटते. हा कामगारांचा कैवार आहे की नुसतं कारखान्याचं नवल, यावर जाणकार भांडत असतात. मला वाटतं मेंझेलला तो प्रश्न पडलाच नसावा. त्याला माणूस मान कशी धुतो हे नीट काढायचं होतं.

आणि याच माणसाचं 1845 चं ‘बाल्कनीची खोली’. 58 बाय 47 सेंटिमीटर, एवढंसं. उघडं दार, वाऱ्याने आत आलेला पातळ पडदा, गुळगुळीत जमिनीवर पडलेला उजेड, दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून. माणूस नाही, प्रसंग नाही. डाव्या भिंतीवर एक फिकट डाग आहे. तो उजेड आहे की अर्धवट सोडलेलं काम, हे ठरवता येत नाही. उजवीकडच्या आरशात सोफा आणि सोनेरी चौकटीतलं चित्र स्पष्ट दिसतं, पण प्रत्यक्ष खोलीत त्या जागी जवळजवळ काही नाही. म्हणजे सगळं काही कोंबणाऱ्या माणसाने वयाच्या तिशीत, कोणी सांगितलं नसताना, फ्रीडरिशइतकंच वगळून दाखवलं होतं. त्याने ते कोणाला दाखवलं नाही. संग्रहालयात आलं ते 1903 मध्ये, तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असताना. पॅरिसच्या लोकांनी उजेड रंगवायला घेण्याच्या वीसपंचवीस वर्षं आधीचं हे चित्र आहे, आणि ते मागच्या खेपेला तुमच्याकडून नक्की सुटलं असणार. आकारामुळे सगळ्यांकडूनच सुटतं.

ज्याला काहीच टाकवलं नाही तो विल्हेल्म लाइब्ल. त्याचं ‘चर्चमधल्या तीन बाया’ हाम्बुर्गला आहे, 1878 ते 1882. बव्हेरियातल्या बेर्बलिंग गावाच्या चर्चमध्ये शेतकरीण बायांना बसवून, तिथेच, लाकडी फळीवर, खाली रेखाटन न करता, एक एक तुकडा पुरा करत त्याने ते रंगवलं. झग्याच्या चौकड्या मोजता येतात. यात धोका असा की तुकडे बिनचूक असले तरी अख्खं चित्र एकत्र बसेलच असं नाही. पुढच्या मोठ्या चित्रात, चोरून शिकार करणाऱ्यांच्या, नेमकं तेच झालं. चार वर्षं खपून त्याला ते पटेना, आणि त्याने ते कापलं. त्याचे तुकडे आज वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, आणि एकेक तुकडा अप्रतिम आहे. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं: इंचभर जागा हुबेहूब जुळवण्याच्या नादात आठ फुटांवरून चेहरा बिघडतो. म्हणून मी दर अर्ध्या तासाला मागे जाऊन उभा राहतो. लाइब्ल चर्चच्या बाकांमध्ये मागे जाणार कुठे?

बाकीच्यांचं झटपट. नाझरेन म्हणून एक गट होता, ओव्हरबेक, कॉर्नेलियुस, शाडो वगैरे. हे तरुण रोमला जाऊन मठात राहिले आणि राफाएलच्या आधीच्या काळासारखी धार्मिक चित्रं काढू लागले. मला त्यांची चित्रं धुतलेल्या ताटासारखी वाटतात, स्वच्छ आणि रिकामी. पण रोममधल्या एका घरात त्यांनी 1816–17 मध्ये काढलेली बायबलमधल्या योसेफच्या कथेची भित्तिचित्रं भिंतीवरून सोडवून बर्लिनला आणली आहेत. भिंतीवरचं चित्र इतक्या लांब कसं आणलं असेल, या कुतूहलापायी मी तिथे दहा मिनिटं काढतो. तुम्ही नाही काढलीत तरी चालेल. म्युनिकचा कार्ल श्पिट्सवेग हा मूळचा औषधविक्या, चित्रकला स्वतःच शिकलेला. 1839 चा त्याचा ‘गरीब कवी’ माळ्यावर गादीत बसलाय, गळक्या छपराखाली छत्री उघडून, आणि शेगडीत जाळायला स्वतःचीच हस्तलिखितं ठेवलीत. त्याची एक प्रत बर्लिनमध्येही होती, ती 1989 मध्ये चोरीला गेली. म्युनिकची प्रत पाहायची तर लक्षात ठेवा, तिथलं नॉये पिनाकोटेक 2018 च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि निवडक चित्रं दुसऱ्या इमारतींत लावतात. आधी चौकशी करा. आणि हवं तेव्हा हवं ते घालणाराही एक होता. आंटोन फोन वेर्नरने 1871 च्या जर्मन साम्राज्याच्या घोषणेच्या चित्राच्या नंतरच्या आवृत्तीत बिस्मार्कला पांढऱ्या गणवेशात मधोमध उभं केलं. प्रत्यक्षात त्या दिवशी बिस्मार्क निळ्या कोटात होता. निळ्यांच्या गर्दीत तो हरवला असता ना!

तुम्हाला आवडलेल्या फ्रेंच दालनाबद्दलही एक सांगतो. ती चित्रं तिथे आहेत ती हुगो फोन चुडी या संचालकामुळे. 1896 पासून त्याने माने, सेझान या फ्रेंच चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली, कैसर खवळला, आणि अखेर चुडी बर्लिन सोडून म्युनिकला गेला. पण 1906 मध्ये, विस्मरणात गेलेल्या फ्रीडरिशला पुन्हा उजेडात आणणारं मोठं प्रदर्शन त्याच इमारतीत भरलं, ते भरवणाऱ्यांतही हाच चुडी होता. त्याला ही दोन्ही दालनं एकमेकांच्या विरोधातली वाटत नव्हती.

तेव्हा माझा सल्ला असा. आधी साधू आणि मठ, अर्धा तास, त्यात पहिली दहा मिनिटं शेजारची पाटी न वाचता. मग केर्स्टिंग. मग मेंझेलचा कारखाना आणि लगेच बाल्कनीची खोली. थोडी कॉफी. मग लीबरमानची दोन, आणि उरलेला वेळ फ्रेंच दालनात खुशाल रमा. मांडणी अधूनमधून बदलते आणि चित्रं प्रदर्शनांना बाहेर जातात, म्हणून तिकीट काढतानाच विचारून घ्या. काळ्या भागांत काचेसारखी चमक येऊन काही दिसेनासं झालं तर एक पाऊल डावीकडे सरका, गुडघे किंचित वाकवा. वॉर्निशवरचं प्रतिबिंब हललं की सावलीतला माणूस दिसतो. चष्मा वाचायचा आणि लांबचा, दोन्ही जवळ ठेवा. आणि सोमवार सोडून जा, सोमवारी बंद असतं.